बोट आहे ना? मग खरा आकडा सांगा

हरिपूरचा घाट:

मागच्या वर्षी घरातल्या कॅलेंडरवर एक उद्योग सुरू केला. बोट पाण्यात गेली की त्या तारखेवर पेन्सिलीनं छोटी होडी काढायची. परवा कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि हिशेब केला. बारा पानांत गॅसच्या टाक्या नऊ, दुधाचे खाडे एकवीस, होड्या तीन.

बोट १४ फुटी, फायबरची. मालवणहून जुनी आणलेली, ९.९ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटार. घेतली ती हौसेनं नाही. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही तीन दिवस दुसऱ्या मजल्यावर बसून दुसऱ्याच्या बोटीची वाट बघत होतो. तेव्हाच ठरवलं होतं. त्यानंतर २०२१ ला पाणी चढलं तेव्हा ही बोट गल्लीत दोन दिवस फिरली, तेवढी तिची खरी कमाई. बाकी काळ अंगणात ताडपत्रीखाली. मांजर व्यालं होतं तिच्यात.

तर त्या तीन होड्या. एक, पुण्याचे पाहुणे आले म्हणून संगमापर्यंत. दुसरी, शेजारच्या अण्णांच्या वडिलांची रक्षा विसर्जन करायला. कृष्णा-वारणेच्या संगमात मधोमध सोडायची त्यांची इच्छा होती. तिसरी म्हणजे मी एकटा, संध्याकाळी, 'जरा मोटार चालवून बघू' म्हणून. दहाव्या मिनिटाला पंख्यात जलपर्णी गुंडाळली आणि वल्हं मारत परत.

बाहेर मात्र कुणी विचारलं की मी 'रविवारी जातो की' असं सांगत आलोय. आता पुरे झालं. ज्यांच्याकडे मोटारीची बोट आहे, स्वतःची, घरची, गावाची, कसलीही, त्यांनी मागच्या वर्षाचा खरा आकडा लिहा. कृष्णा, कोयना, धोम, कण्हेर, कुठलंही पाणी चालेल. नाही गेलात तर का नाही गेलात तेही लिहा.

बामणोलीकर:

दादा, तुमचा तीनचा आकडा वाचून बायकोला दाखवला. ती म्हणाली, सुखी माणूस हाय.

आमची पर्यटकांची लाँच हाय, शिवसागरावर, म्हंजे कोयना धरणाच्या पाण्यावर. बोट क्लबात नंबरावर फेरी मिळते. पावसाळा सरला, वासोटा किल्ला उघडला की शनिवार-रविवार लय गर्दी, नोव्हेंबर ते जानेवारी म्हयन्याला बारा-पंधरा फेऱ्या होत्यात माझ्या वाट्याला. कासची फुलं बघून खाली उतरणारी माणसं तर सप्टेंबरातच येऊन विचारत्यात, बोट कधी चालू? मग फेब्रुवारीपासून उतार. एप्रिल-मे मध्ये धरणाचं पाणी खाली जातं, आन आमचा धक्का राहतो वर. पाणी जसं मागं सरंल तसं आम्ही बोट खाली सरकवायची. रोज नवा काठ. माणसं चिखलातनं चालत येत्यात, चपला हातात, आन वर आमालाच विचारत्यात, पाणी कुठं गेलं. मे मध्ये म्हयन्यात तीन फेऱ्या झाल्या तरी लय. जून ते सप्टेंबर बोट वर ओढून बांधायची, विषय संपला. वर्षाचा आकडा साठ-सत्तरच्या घरात धरा.

आता तुमचा खरा प्रश्न, स्वतःच्या हौशीनं किती. एकदा. लग्नाच्या वाढदिवसाला मंडळी म्हणाली, सगळ्या जगाला फिरवता, मला कधी? नेली. अर्ध्यात गेल्यावर म्हणाली, मागं फिरा, दूध चुलीवर राहिलंय.

वाईचा, सध्या पुणे:

सहा. पण एका वर्षात नाही, तीन वर्षांत मिळून.

बोट तापोळ्यात एका ओळखीच्यांच्या आवारात असते. घेताना डोक्यात चित्र वेगळं होतं. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी पहाटे धुक्यात बोट सोडायची, कोयना, सोळशी, कांदाटी या नद्या जिथं मिळतात तिथं मोटार बंद करून चहा. प्रत्यक्षात शनिवारी पहाटे मी खंबाटकीच्या ट्राफिकमध्ये असतो. महाबळेश्वर ओलांडून तापोळ्याच्या वळणांवर धाकटा ओकतो. पोचेपर्यंत साडेअकरा. बारानंतर वारा सुटतो, पाण्यावर लाटा उभ्या राहतात, सौ. म्हणते आता नको, उद्या जाऊ. उद्या परत निघायचं असतं.

एकदा हिशेब मांडला. बोट, मोटार, नोंदणीची धावपळ, आवाराचं भाडं, पेट्रोल, टोल, सगळं मिळून सहा फेऱ्यांत भागलं तर एका फेरीला आलेला आकडा मी घरात सांगितलेला नाही. नदी-धरणातल्या बोटींचा नवीन कायदा (२०२१ चा, १९१७ चा जुना गेला) वाचून कागदपत्रं करायला घेतली तेव्हा आमचे शेजारी म्हणाले, कार घेतल्यासारखं करताय. म्हटलं, कार निदान सोसायटीत दिसते तरी.

पण एक सांगतो. ज्यांच्याकडे बोट ठेवलीय ते काका मधल्या वारी तिला फिरवून आणतात, मोटार चालती राहावी म्हणून. त्यांची वर्षाला वीसेक वेळा होत असतील. मागच्या खेपेला मीच त्यांना विचारलं, जाऊ का हो घेऊन? त्यांनी हो म्हटल्यावर बरं वाटलं, आणि मग हसू आलं.

पिंपातली मोटार:

कराडात माझं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं लावायच्या मोटारी, दुरुस्तीचं काम आहे, मुख्य धंदा पंपसेटचा. हा धागा वाचून बरेच चेहरे डोळ्यापुढं आले. 'दर आठवड्याला चालवतो' म्हणणाऱ्याची मोटार उघडली की कार्ब्युरेटर काय ते सांगतो. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, वार्निशसारखा पिवळा डिंक बसलेला असतो. चालवून खराब झालेली मोटार माझ्याकडं क्वचित येते. येतात त्या सगळ्या पडून राहिलेल्या.

हरिपूरवाले, तुमच्यासाठी खास लिहितो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. आपल्याच उसाचं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते हवेतला ओलावा ओढतं. अर्धी टाकी भरून बोट पावसाळाभर अंगणात ठेवली की पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं, आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाला असते. तुमच्या टू-स्ट्रोकला दुसरा घोर असा की पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल पेट्रोलबरोबर वर राहतं. म्हणजे मोटारीच्या तोंडी आधी जातं ते बिनऑइलचं. म्हणून बोट ठेवताना टाकी रिकामी करा, ते पेट्रोल गाडीत घालू नका, त्यात ऑइल आहे. मग पेट्रोलचा पाइप काढून मोटार आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, कार्ब्युरेटर कोरडा होतो. पाच मिनिटांचं काम. कुणी करत नाही.

आता हे वाचून कुणीतरी अंगणात कोरडीच मोटार सुरू करील. करू नका, हात जोडतो. पाण्याच्या पंपात रबराचा पाकळ्यांचा पंखा असतो, इंपेलर. त्याला पाणी हेच वंगण. कोरडा फिरला की काही सेकंदांत जळतो. आणि वर्षभर एकाच जागी दबून राहिला तरी पाकळ्या वाकड्याच राहतात, मग पाणी उचलत नाही. दोनशे लिटरचं पिंप घ्या, मोटारीचा खालचा भाग पाण्यात बुडवा, मग दोरी ओढा. मोटार सुरू झाली की मागून बारीक धार यायला पाहिजे. धार नाही आली तर लगेच बंद. खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय, पाणी शिरलंय, तशी मोटार नदीत नेऊ नका. आणि जलपर्णीत अडकल्यावर गॅस वाढवून सुटत नाही. बंद करा, मोटार वर उचला, हातानं काढा. कोयता जवळ ठेवा.

माझा आकडा विचाराल तर बोटच नाही माझ्याकडं. पिंपात मात्र रोज चालवतो.

होडीवाल्याची बायको:

आमच्या ह्यांनी उत्तर लिहायच्या आधी मी लिहिते. भिलवडीच्या बाजूला शेती आहे, तिथं बोट. मागच्या वर्षी पाच. त्यातल्या दोन वेळा मला न सांगता.

न सांगता जाण्याचं कारण मी. आमच्या भागात कृष्णेत मगरी आहेत, हे काही गोष्टीतलं नाही, डोळ्यानं बघितलंय. काठावर ओंडका पडल्यासारखी पडलेली असते. बोटीत बसणाऱ्याला ती काही करत नाही असं हे मला दर वेळी समजावतात. मी दर वेळी विचारते, आणि बोट बंद पडली तर? त्यावर गप्प.

आणि दुसरं, ब्रह्मनाळ. २०१९ च्या पुरात तिथं बोट उलटली तेव्हा आम्ही पुरातच अडकलेलो होतो. त्या बोटीतली माणसं आमच्यासारखीच होती, घर सोडून निघालेली. त्यानंतर घरातला नियम एकच: लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय कुणी बोटीला हात लावायचा नाही, आणि जितकी जॅकेटं तितकीच माणसं. आमच्याकडं चार आहेत. दिवाळीत घरात सोळा माणसं असतात. म्हणून दिवाळीत बोट निघत नाही. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी होडीत तीस माणसं, दोन बकरी आणि नवरी असायची. असतील.

हरिपूरचा घाट:

वहिनी, जॅकेटं माझ्याकडं दोनच आहेत आणि पाहुणे पाच होते. सांगून टाकतो. परत होणार नाही.

पलूसकडचा सदस्य:

आमची बोट गावाची. महापुरानंतर मिळालेली. आकडा एक. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची चाचणी असते ती. अधिकारी येतात, फोटो होतो. गेल्या खेपेला दोरी ओढून ओढून तिघांचे खांदे उतरले, मोटार ढिम्म. शेवटी फोटो वल्ह्यावर काढला. वर पिंपवाल्या दादांनी लिहिलंय तेच झालं असणार, पेट्रोल पहिल्या पावसाळ्यातलं होतं.

माझं म्हणणं असं की गावची बोट महिन्यातून एकदा तरी नदीत सोडली पाहिजे, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात तेव्हा पाणी संथ असतं, पोरांना शिकवताही येईल. पुरात पहिल्यांदा हँडल हातात धरणारा माणूस पाणी कापत नाही, फक्त गोल फिरतो. पण ग्रामसभेत मांडलं की एकच प्रश्न, पेट्रोलचं बिल कुठल्या खात्यातनं? तिथं विषय बसतो.

धोमकाठी:

रोज जातो, मासे धरायला. मोटार चालते आठवड्यातून एकदा, वारा समोरचा असला तर. नाहीतर वल्हं. कटल्याचा जो दर गावात मिळतो त्यात पेट्रोल बसत नाही.

कांदाटी खोऱ्यातली सून:

आमच्या घरची लाँच आहे, डिझेल इंजिनाची. मामंजी चालवतात, आता दीर पण. धरणाच्या पाण्यात जुनी वाट गेली तेव्हापासून तापोळ्याला जायचं म्हणजे लाँच. मी लग्न होऊन आले ती पण लाँचनंच, शालू गुडघ्यापर्यंत धरून.

किती वेळा गेली हे मोजता येणार नाही. म्हणून वहीत बघितलं, किती दिवस गेली नाही. मामंजी खाडे लिहितात. मागच्या वर्षी अकरा. सहा पावसाचे, दोन जुलैत आणि चार ऑगस्टात, समोरचं काही दिसत नव्हतं. दोन बेल्ट तुटला म्हणून, नवा आणायला पण लाँचच लागते, शेवटी शेजारच्या वस्तीची बोट बोलावली. एक डिझेल संपलं होतं. दोन मामंजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनला साताऱ्याला गेलो तेव्हाचे, दीर पण बरोबर होते. त्या दोन दिवसांपुढं मामंजींनी वहीत लिहिलंय, 'गावात कोणी आजारी नाही.' साताऱ्यातनं फोन करून विचारत होते रोज.

बाकी दिवशी रेशन, गॅस, दहावीची पोरं, बँकेत जाणारी म्हातारी माणसं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सिलिंडर खांद्यावर घेऊन चिखलातनं वर आणायचा, ते सगळ्यात वाईट. तेव्हा लाँच चालू असून नसल्यासारखी.

तापोळ्याकडं पुलाचं काम चाललंय. रस्ता झाला की माझी पोरं गाडीनं शाळेला जातील, मला तेच पाहिजे. मामंजी काही बोलत नाहीत. काल मी हा धागा त्यांना वाचून दाखवला. तीन होड्यांचं कॅलेंडर ऐकून म्हणाले, त्या पाव्हण्यांना विचार, ताडपत्रीखाली ठेवल्यावर लाकूड फुगत नाही का. मी म्हटलं फायबरची आहे. मग म्हणाले, आपली लाकडाची.

हरिपूरचा घाट:

ताई, मामंजींना नमस्कार सांगा.

पिंपवाल्या दादांचं ऐकून काल टाकी उपसली. तळाला वाटीभर पाणी निघालं, अगदी वेगळं दिसत होतं. पिंप नव्हतं म्हणून हळद शिजवायची जुनी काहील घेतली, मोटार तिरकी करून जमवली. अठराव्या ओढीला सुरू झाली. धार येत नव्हती, लगेच बंद केली. इंपेलर कुठल्या मापाचा लागेल, दादा? मोटारीवरचा नंबर घासला गेलाय. फोटो पाठवू का?