सिस्टरांची समिती नेमून दवाखाना सुधारतो म्हणे!

खानापूरची सिस्टर : काल एका डॉक्टरसाहेबांनी इथे लिहिलं, "कामाची परिस्थिती सुधारायची तर नेतृत्व वाटून घ्या. वॉर्डावॉर्डात सिस्टर, डॉक्टर, आया यांची समिती नेमा, नव्या कल्पना खालूनच येतात." आल्या की! मी होते त्या दवाखान्यात नाईट संपल्यावर मीटिंग, तीही बिनपगारी. कपडे बदलायला कडीची खोली मागितली, तर बजेट नाही. नर्सिंग कौन्सिल साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक सिस्टर म्हणतं. आम्ही रात्री अख्ख्या वॉर्डाला एकटी. आधी माणसं भरा.

टिळकवाडीकर : अहो, हॉलंडची ब्यूर्टझोर्ग ही नर्सिंगची संस्था बघा. 2006 पासून जास्तीत जास्त बारा नर्सची टीम, वर मॅनेजर नाही, ड्युटी आपापसात ठरते.

निपाणीवाला : त्या घरोघर जाऊन सेवा करतात हो. इथे बेळगावच्या कॅज्युअल्टीत पेशंट दगावला की नातेवाईक अंगावर येतात. डॉक्टर-सिस्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध कर्नाटकचा 2009 चा कायदा आहे, त्याचा बोर्डही लावलाय. तोही नुसता कन्नडात! महाराष्ट्रातून, चंदगडहून आलेल्या म्हातारीला काय वाचता येणार?

टिळकवाडीकर : आला सीमाप्रश्न! ताप मोजायला गेलं तरी सीमावादावरचा महाजन अहवाल काढाल.

निपाणीवाला : काढणारच. 2023 ला महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना मोफत उपचाराची फुले योजना दिली, तर इकडच्या कर्नाटक सरकारच्या पोटात दुखलं. आजाऱ्यावर कसलं राजकारण?

अनगोळचा अण्णा : आणि तुम्ही काय करताय? माझ्या आईच्या ऑपरेशनला सहीचा कागद कन्नडात होता. हुक्केरीकडच्या कन्नड सिस्टरने मोडक्या मराठीत ओळ न् ओळ समजावली. तिला कुठली समिती विचारते? काँट्रॅक्टवर आहे, तोंड उघडलं तर पुढच्या महिन्यात घरी.

खानापूरची सिस्टर : हेच तर! काँट्रॅक्टवाली मीटिंगमध्ये साहेबांसमोर खरं बोलेल होय? सीमेचं भांडण तुम्ही दुसरीकडे घाला.

निपाणीवाला : बाई, आवाज खाली. मी तुमच्याच बाजूने बोलतोय.

खानापूरची सिस्टर : बाजू घ्यायला मी सांगितलं नव्हतं.

टिळकवाडीकर : बरं, नुसती समिती फुकट, मान्य. पण ड्युटी चार्ट आणि थोडाफार खर्च समितीच्या हातात दिला तर?

खानापूरची सिस्टर : द्या की. काँट्रॅक्टवालीला वर्षभर काढणार नाही असं लिहूनही द्या. तुमच्या हॉलंडच्या आरत्या मग मी स्वतः ओवाळीन.

टिळकवाडीकर : लिहून कोण देणार, मॅनेजमेंट?

अनगोळचा अण्णा : डॉक्टरसाहेबांनाच विचारा. कालपासून गप्प आहेत.