७१२ आणि ६५०: चूक लेसरची नाही

इंदूरला राजवाड्याजवळून घेतलेल्या लाल लेसरवर ६५० नॅनोमीटर ही तरंगलांबी छापलीय आणि ती सीडीने मोजायच्या भाच्याच्या प्रयोगात ७१२ आली, म्हणून लेसर बनावट का, असं तुम्ही विचारलंत. लेसर ठीक आहे हो, गडबड त्रिकोणमितीत आहे.

सीडीवरच्या शेजारच्या दोन ओळींत १.६ मायक्रोमीटर, म्हणजे १६०० नॅनोमीटर अंतर असतं. सीडी भिंतीपासून १ मीटरवर असताना बाजूचा ठिपका मधल्यापासून ४४.५ सेंमी पडला, तर ४४.५ भागिले १०० हा त्या कोनाचा टॅन झाला; त्याला १६०० ने गुणलं की तुमचे ७१२ येतात. सूत्राला साइन लागतो: तरंगलांबी म्हणजे ओळींतलं अंतर गुणिले कोनाचा साइन. कोन सुमारे २४ अंश, साइन ०.४०७, गुणिले १६०० म्हणजे सुमारे ६५०. लहान कोनाला टॅन चालून जातो, इथे मुळीच नाही.

पुढच्या वेळी भिंतीऐवजी पुठ्ठा घ्या, त्याला भोक पाडून लेसर त्यातून सीडीवर सोडा आणि मधला परावर्तित ठिपका त्याच भोकावर परत आणा. डावं-उजवं अंतर सारखं नसेल तर सीडी तिरकी आहे. किरण सीडीच्या बाजूच्या कडेवर पाडा, वरच्या नको, म्हणजे ठिपके आडवे पसरतील. परत येणारा किरण कुणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर नको, हे आधी बघा.

आता भाच्याचा दुसरा प्रश्न, जो मला फार आवडला: पाण्यात तरंगलांबी बदलते का? बदलते. ६५० भागिले १.३३ (पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यात प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा), सुमारे ४८९. हवेत हा आकडा निळसर-हिरव्याचा, तरी पाण्यात किरण लालच दिसतो, कारण रंग ठरवणारी वारंवारता (सेकंदाला होणारी कंपनं) तीच राहते, वेग तेवढा घटतो. लेबलावरचा आकडा हवेतला असतो.