'होमलँड'चा चौथा सीझन: तुमचा अनुभव लिहा

धागाकर्ती: मंडळी, 'होमलँड' या अमेरिकन हेरमालिकेचा विषय निघाला की गाडी ब्रॉडीवरच, म्हणजे शत्रूला फितूर झालेल्या त्या अमेरिकन सैनिकावरच अडकते. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो तेहरानमध्ये फासावर गेला आणि बरेच जण तिथेच उतरले. माझ्या मते खरी मजा त्यानंतरच्या बारा भागांत आहे. २०१४च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आलेले हे भाग. नायिका कॅरी आधी काबूलला, मग इस्लामाबादला सीआयएची स्टेशन चीफ, म्हणजे तिथल्या हेरांची प्रमुख. कुठे, कोणाबरोबर पाहिलंत, काय डोक्यात राहिलं ते लिहा. कथा सांगत बसू नका. स्पॉयलर चालतील, एवढी वर्षं झाली!

हिंजवडीकर: पहिल्या भागातला केक. ड्रोनहल्ल्याचा हुकूम देऊन झाल्यावर सहकारी कॅरीसाठी वाढदिवसाचा केक आणतात, त्यावर 'द ड्रोन क्वीन' लिहिलेलं. मेणबत्त्या, टाळ्या, सगळं अगदी आमच्या पॅन्ट्रीतल्यासारखं. बॉम्ब लग्नघरावर पडल्याचं नंतर कळतं. एवढं सराईत ऑफिस दुसऱ्या कुठल्या हेरमालिकेत दिसलं नाही मला.

दुबईचा बंड्या: आमच्या फ्लॅटमध्ये एक इस्लामाबादचा मुलगा होता, त्याच्याबरोबर पाहिला. पहिल्या बाजारातच त्याने रिमोट घेतला, चित्र थांबवलं आणि म्हणाला, "यार, ये मेरा शहर है ही नहीं." बरोबरच होतं त्याचं, इस्लामाबादचं शूटिंग दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनला झालेलं. इस्लामाबाद म्हणजे साठच्या दशकात डॉक्सियाडिस या ग्रीक वास्तुकाराने आखून दिलेलं शहर, रुंद रस्ते, सेक्टर, मागे मार्गल्लाच्या टेकड्या. पाकिस्तानी मुत्सद्द्यांनीही तेव्हा अमेरिकन वर्तमानपत्राकडे कुरकुर केली होती. आयएसआयला खलनायक केल्याचं आमच्या पठ्ठ्याला फार काही नव्हतं. त्याचा राग एकाच गोष्टीवर: "पेड़ कहाँ गए सारे?" शेवटपर्यंत सगळे भाग पाहिले मात्र, एकही न चुकवता.

गोदाकाठ: जरा मोठं लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीला बायपोलर आहे, म्हणजे मन टोकाच्या उत्साहात नाहीतर टोकाच्या नैराश्यात जाण्याचा आजार, कॅरीला आहे तोच. लिथियम चालू आहे, ठरावीक काळाने रक्तातली पातळी तपासायची, गोळ्यांचा डबा भरायचा, हे आमच्या घरात दूधवाल्याच्या हिशेबासारखं चालतं. अमेरिकन राजदूताचा नवराच आयएसआयच्या दबावाखाली कॅरीच्या घरात शिरतो, औषधांचे फोटो काढतो आणि मग तिच्या गोळ्या बदलल्या जातात. सातव्या भागात ती नेहमीच्या हाताने नेहमीची गोळी घेते. पुढे रस्त्यावर जे काही होतं, मेलेला ब्रॉडी समोर दिसतो, ते मी कसंबसं पाहिलं. बहीण मात्र शांत. म्हणाली, "एखाद-दुसरी गोळी चुकून इतकं होत नसतं, हिला भलतंच काहीतरी खायला घातलंय."

तिचा जुना राग वेगळाच आहे. पहिल्या सीझनमध्ये कॅरीचा आजार बळावतो आणि तेव्हाच तिला सगळा कट उलगडतो, जणू आजार म्हणजे दैवी देणगी. इथे तसं नाही. इथे शत्रूने आजार नेमका हेरला आणि तिथेच घाव घातला. "हे पटतं," म्हणाली. नोकरीच्या ठिकाणी तिने स्वतःचा आजार अजून कोणाला सांगितलेला नाही, एवढं लिहिलं की पुरे.

चाळीतला जेम्स: कोणी निमरत कौरबद्दल बोलणार की नाही? वर्षभर आधी 'द लंचबॉक्स' सिनेमात स्वयंपाकघराच्या खिडकीतून देशपांडे काकूंशी (आवाज आपल्या भारती आचरेकरांचा!) बोलणारी बाई इथे आयएसआयची तस्नीम कुरेशी. आवाज न चढवता समोरच्याला गार करते. आठव्या सीझनमध्ये तर थेट आयएसआयची प्रमुख.

सातारकर सूनबाई: सासरे निवृत्त सुभेदार. मी इअरफोन लावून पाहायचे, त्यांनी काढायला लावले. कैद्यांच्या बदल्यात कॅरीच्या गुरूला, सॉलला, सोडवण्याचा धावपट्टीवरचा प्रसंग त्यांना जाम आवडला. सॉल मध्येच खाली बसतो, उठायलाच तयार नाही, कारण त्याच्या जिवासाठी ते कैदी सुटायला नको आहेत. कॅरी चालत जाऊन त्याला उठवते. सासरे पुढे सरकून बसले होते. पण परतीच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि दूतावासातले मरीन मदतीला धावले, तसे ओरडले, "अरे, गेट कोण सांभाळणार?" पाठोपाठ तालिबानी म्होरक्या हक्कानी भुयारातून आत! त्यानंतर आमच्याकडे सीआयएला काडीची किंमत उरली नाही.

न्यू जर्सी: शेवटचा भाग मिळमिळीत म्हणून लोक नाक मुरडतात. कॅरीच्या वडिलांचं काम करणारे जेम्स रेबहॉर्न २०१४च्या मार्चमध्ये गेले, म्हणून कथेतही वडील गेले. गोळीबार नाही, नुसतं घर, नातेवाईक, भांडी. माझे बाबा सांगलीत गेले तेव्हा मी विमानात होतो. मला तो भाग मिळमिळीत वाटला नाही.

धागाकर्ती: बंड्या, तुझ्या मित्राला पाचवा सीझन दाखव. बर्लिनच्या सेटवर निर्वासितांच्या छावणीच्या भिंती रंगवायला बोलावलेल्या कलाकारांनी अरबीत 'होमलँड वंशवादी आहे' असं लिहून ठेवलं. सेटवर कोणालाच वाचता आलं नाही आणि २०१५मध्ये ते तसंच टीव्हीवर दिसलं. त्यावर वेगळा धागा काढते. इथे अजून आयनबद्दल, लग्नघरावरच्या हल्ल्यातून वाचलेल्या हक्कानीच्या पुतण्याबद्दल, कोणीच लिहिलेलं नाही, त्याच्या बाजूने बोलणारं कोणी आहे का?