सील वर्षभर सारखंच खातो का? न्यूफाउंडलंडचे सील, कॉड आणि एक गुणाकार

बर्फवाट

मी नऊ वर्षं सेंट जॉन्सला, कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटावर राहते. इथे मासळीचा विषय निघाला की सीलचा निघतोच. हिशेब लोकांना तोंडपाठ आहे: एक हार्प सील (सीलची एक जात) वर्षाला टन-दीड टन मासे खातो, सील लाखोंनी आहेत, करा गुणाकार. आलेला आकडा पाहिला की वाटतं, इथल्या मासेमारीचा मुख्य मासा, कॉड, उरलाच कसा? मग पुढची मागणी ठरलेली, सील मारा. मला हा गुणाकारच मान्य नाही, कारण त्यात वर्षातला प्रत्येक दिवस सारखा धरला जातो.

हार्प सीलचं वर्ष बघा. फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मादी बर्फावर विते. पिल्लू ११ किलोच्या आसपास असतं. दूध इतकं दाट की जवळजवळ निम्मी चरबीच. १२ दिवसांत पिल्लू ३५ किलोला पोचतं आणि आई त्याला सोडून जाते. या १२ दिवसांत ती फार थोडं खाते. दूध बनतं ते अंगावरच्या साठ्यातून, रोज तीनेक किलो वजन उतरवून. पुढे एप्रिल-मेमध्ये जुने केस गळून नवे येतात. नवे केस यायला कातडी उबदार राहावी लागते, म्हणून सील बर्फावर पडून असतात आणि पाण्यात कमी उतरतात. म्हणजे पुन्हा अर्धपोटी. यानंतर सील वर्षातला सगळ्यात रोड दिसतो. मग ते उत्तरेला बॅफिन बेट, पश्चिम ग्रीनलंड या बाजूला जातात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परततात. फेब्रुवारीपर्यंत पुन्हा चरबी चढवायची असते.

मला सगळ्यात नवल वाटलं ते थंडीचं. पाणी गार म्हणजे जास्त जाळावं लागणार, म्हणून जास्त खावं लागणार, अशी माझीही समजूत होती. पण शून्याजवळच्या पाण्यातसुद्धा मोठ्या हार्प सीलला केवळ ऊब राखायला वेगळा खर्च करावा लागत नाही. चरबीचा थर पुरतो. शहराबाहेर लॉगी बे इथे मेमोरियल विद्यापीठाने टाक्यांमध्ये हार्प सील पाळले होते. १९९० च्या दशकात तिथे केलेल्या मोजमापांतही थंडीतला खर्च अपेक्षेपेक्षा कमीच निघाला होता.

हर्णैकर

ताई, माहिती आवडली, मुद्दा पटला नाही. टन-दीड टन ही वर्षाची बेरीज आहे. उपासाचे महिने तिच्यात आधीच धरलेले असणार. दोन महिने उपास आणि दहा महिने भरपेट जेवण, तरी धान्याचं पोतं संपायचं तेवढं संपतंच.

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे. डॉल्फिन जाळी फाडून मासे नेतात, तेव्हा डॉल्फिनचा दिनक्रम कुणी कितीही छान समजावून सांगितला तरी फाटलेलं जाळं शिवून मिळत नाही. तिकडे २ जुलै १९९२ ला उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद झाली आणि ३० हजारांच्या आसपास लोक एका दिवसात बेकार झाले. त्यांनी शांत डोक्याने कॅलेंडर बघावं अशी अपेक्षा मी करणार नाही.

बर्फवाट

बेरजेचा मुद्दा बरोबर आहे, हर्णैकर. मी नीट मांडलं नाही. वर्षाचा एकूण आकडा मोसमामुळे लहान होत नाही. पण पोतं कुठल्या कोठारातलं, हे मोसमच ठरवतो. अर्धं वर्ष हे सील इथून शेकडो मैल उत्तरेला असतात. तिथे त्यांचं मोठं खाणं म्हणजे आर्क्टिक कॉड, जो नावाने कॉड असला तरी वेगळा, छोटा मासा आहे. इथे असतात तेव्हा कॅपेलिन आणि हेरिंग या छोट्या माशांवर भर असतो, आपल्या कॉडचा वाटा लहान. गुणाकार करणारे हे सगळं एकाच ताटात वाढतात.

आणि सील वाढले म्हणून कॉड संपला, हा क्रमही जुळत नाही. १९६८ मध्ये या कॉडची पकड ८ लाख टनांवर गेली होती, त्यातली बहुतेक परदेशी ट्रॉलरची. हार्प सील १९७० च्या सुरुवातीला २० लाखांच्याही खाली होते. ते ७० लाखांवर गेले नंतर. कॉडचं कंबरडं आधी माणसाने मोडलं.

मीठभाकर

दोघांच्याही बोलण्यात कॅपेलिन नुसता येऊन गेला. माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. एकच मासा मोसमाप्रमाणे बदलतो, हे मासे खाणाऱ्या घरात सांगावं लागत नाही. अंडी घालून मोकळा झालेला मासा पातळ लागतो, त्याला तेल नसतं. कॅपेलिनचं तसंच. शरद ऋतूत त्याच्यात २० टक्क्यांच्या आसपास चरबी भरते, अंडी घातल्यावर जेमतेम काही टक्के उरते. तेव्हा सील किती किलो खातो एवढंच विचारून चालणार नाही. रोड कॅपेलिन मिळाला तर तेवढ्याच चरबीसाठी जास्त मासे मारावे लागणार.

पण ताई, हे तुमच्या बाजूने जात नाही. कॅपेलिन १९९०-९१ मध्ये कोसळला आणि अजून पूर्वीसारखा झालेला नाही. कॉडचंही मुख्य अन्न तेच. मग सीलने कॉडला तोंड लावलं नाही तरी त्याच्या ताटातलं तो खातोच.

खोल_पाणी

ताईंचं कॅलेंडर मला मान्य आहे, म्हणूनच मी त्यांच्या विरुद्ध मत देतो. चर्चा हार्पवर अडकली आहे. न्यूफाउंडलंडच्या पश्चिमेला सेंट लॉरेन्सचं आखात आहे, त्याच्या दक्षिण भागात प्रश्न ग्रे सील या दुसऱ्या जातीचा आहे.

ग्रे सील डिसेंबर ते फेब्रुवारीत वितात. मादी अडीच आठवडे काहीही न खाता दूध पाजते. नर माद्यांजवळची जागा धरून कित्येक आठवडे उपाशी राहतात. एवढा उपास सोसायचा तर त्याच्या अलीकडे-पलीकडे भरपूर खाणं हवं, तेही कमी धावपळीत. आता त्या भागातल्या कॉडचा हिवाळा बघा. उथळ पाणी सोडून तो केप ब्रेटनजवळ कॅबट सामुद्रधुनीच्या खोल पाण्यात दाटीने जमतो. तिथे पकडलेल्या नर सीलच्या पोटात मोठमोठे कॉड सापडले आहेत. वर्षाची सरासरी काढली तर हा वाटा किरकोळ दिसेल. पण अंडी घालण्याजोगा कॉड मरतो तो त्या थोड्या आठवड्यांत.

तिथली कॉडची मासेमारी १९९३ मध्ये थांबवली होती, मधे थोडी उघडली आणि २००९ पासून पुन्हा बंद आहे. तरी कॉड घटतोच आहे. कॅनडाच्या मत्स्य विभागातले शास्त्रज्ञ याचं मुख्य कारण ग्रे सील मानतात. २०१२ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने ७० हजार ग्रे सील मारण्याची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. मला ते चूक वाटतं. प्राणी मारणं मला मुळीच आवडत नाही. पण आपणच कडेलोटाला नेलेला मासा तिसऱ्याच्या तोंडी जाताना नुसतं बघत बसणं हीसुद्धा आपण केलेली निवडच आहे.

बर्फवाट

हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आखातापुरतं माझ्याकडे उत्तर नाही. तिथे तुम्ही म्हणता तसंच असेल, तर मी मारण्याला विरोध करणार नाही. मात्र त्या जागी, त्या आठवड्यांत, त्याच जातीचे सील मारा, असं म्हणेन.

पण इथल्या दुकानात, चहाच्या टेबलावर, कुणी ‘ग्रे’ की ‘हार्प’ विचारत नाही. ग्रे सीलचं हार्पच्या माथी मारलं जातं. हार्पचे दिवस आता सोपे नाहीत. २०१० आणि २०११ मध्ये बर्फ फारच कमी होता, असंख्य पिल्लं गेली. सगळी चरबी १२ दिवसांत दुधातून ओतलेली आणि खालचा बर्फ आधीच फुटलेला. अशा आईला पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ती भरून काढायची असते.

हर्णैकर

खोल_पाणी, हे आकडे माझ्यासाठी नवीन होते, आभार. ताई, जात आणि महिना बघून ठरवा, हे मलाही पटलं. फक्त एक लक्षात ठेवा. २०२४ मध्ये उत्तरेकडच्या कॉडवरची बंदी उठली ती १८ हजार टनांसाठी. तुम्हीच सांगितलेल्या १९६८ च्या ८ लाखांसमोर हे ठेवून बघा. ३२ वर्षं थांबलेला माणूस आता ६५ वर्षांचा असेल. सीलचं वर्ष फेब्रुवारीला पुन्हा भरून येतं, त्याची ती वर्षं कुठल्या मोसमात परत येणार?