टेकडीवर ५०० वड-पिंपळ? आधी पाण्याचा हिशेब मांडा

मुरूममित्र: "फक्त दोन तास द्या, टेकडीवर ५०० वड-पिंपळ लावू" हा निरोप आज तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय. दोन तासांत खड्डासुद्धा होत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर वीतभर माती, खाली मुरूम, मग पाषाण. खड्डा ४५ सेंमी लांब-रुंद-खोल हवा आणि मे महिन्यातच खणून उन्हात तापलेला हवा. ऐन पावसात पहार मारून केलेला खड्डा म्हणजे खडकातली वाटी. पाणी साठतं, मुळं कुजतात.

पुढे डिसेंबर ते मे दर पंधरवड्याला झाडामागे १० लिटर. ५०० झाडांना एका फेरीत ५,००० लिटर, १२ फेऱ्यांना ६०,०००. म्हणजे १०,००० लिटरचे सहा टँकर, आणि टँकर वर चढत नाही.

हिरवाई: मग घरी बसायचं का? वड खडकातही येतो. किल्ल्यांच्या तटबंदीत बघा.

मुरूममित्र: येतो ना! पक्ष्याच्या विष्ठेतलं बी फटीत रुजतं आणि पहिलं मूळच फट शोधत खाली उतरतं. पिशवीतल्या रोपाचं मूळ तळाशी वेटोळं घालून बसलेलं असतं. ते कापलं नाही तर झाड दोन-तीन वर्षं छान दिसतं आणि एका वादळात मुळासकट आडवं होतं. निम्मी मंडळी तर पिशवीसकट पुरतात!

कुसळी: दोघंही चुकताय. माळाला झाडं हवीत हे ठरवलं कुणी? पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं हीच तिथली संपत्ती. चंडोल पक्षी जमिनीवर घरटं करतो, त्याला वडाची सावली नको. वनखात्यानं लावलेल्या गिरिपुष्पाखाली (ग्लिरिसिडिया, परदेशी झाड) काय उगवतं ते वेताळ टेकडीवर जाऊन बघा. लावायचीच तर मोई, गणेर, मेडशिंगी ही इथली झाडं, तीही घळीत. आणि डिसेंबरात निदान तीन मीटर रुंद जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा) काढा, नाहीतर फेब्रुवारीत एका विडीनं सगळा हिशेब मिटेल.

हिरवाई: गणेर मिळतो कुठल्या रोपवाटिकेत? पिंपळ मिळतो म्हणून लावतो. पाण्याचं म्हणाल तर चालायला येणारे बाटली आणतातच. झाकणाला भोक पाडून उलटी रोवली की झालं ठिबक.

ठिबकवाला: हा बाटलीचा प्रकार आधी थांबवा. हवेला वाट नसली की आत पोकळी होऊन पाणी अडतं. वाट केली तर लिटरभर पाणी काही तासांत संपतं. भोकात मुरमाची पूड बसली की तेही नाही. उन्हात प्लॅस्टिक तडकतं, वणव्यात वितळून खोडाला चिकटतं.

हिरवाई: बूड कापून उलटी रोवा, वरून भरत राहा. सोपं आहे.

ठिबकवाला: हो, आणि भोक बुजलं की स्वच्छ साचलेल्या पाण्यात एडिस, म्हणजे डेंग्यूचा डास, अंडी घालेल. आठ-दहा दिवसांत डास बाहेर. आरोग्यासाठी चालायला यायचं आणि डेंग्यू घेऊन उतरायचं! त्यापेक्षा पाच लिटरचं भाजलेलं पण पाणी झिरपणारं मातीचं मडकं, खोडापासून फूटभर लांब, गळ्यापर्यंत पुरा आणि वर खापरी ठेवा.

मुरूममित्र: क्षाराच्या पाण्यानं दोन वर्षांत मडक्याची छिद्रं बुजतात, हेही सांगा.

ठिबकवाला: झाडाला दोनच वर्षं पाणी द्यायचंय, साहेब.

मुरूममित्र: ...बरोबर.

कुसळी: अहो, मोई आणि पांगारा रोपवाटिकेतून आणायचेच कशाला? पावसाच्या तोंडाशी मनगटाएवढी फांदी हातभर खोल रोवली की फुटते.

हिरवाई: बरं बाबांनो, तुम्ही जिंकलात. ५०० ऐवजी ४०, घळीत. ४०० लिटर, म्हणजे २० लिटरचे २० कॅन दर फेरीला. वर कोण चढवणार, नावं लिहा.

मुरूममित्र: एक कॅन माझा.

कुसळी: घळीत म्हणजे घळीतच. माळावर एकही नाही.

हिरवाई: आणि एक पिंपळ मी लावणारच, पायथ्याशी, पाराजवळ. पिशवी काढून.