जुनी कंबरदुखी: फिजिओकडे एकटीने जाऊ की ग्रुपमध्ये?

कळवावाली:
वय ४६, ऑफिस वाशीला. वर्षभर कंबर धरलेली आहे. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली दिसते. ऑपरेशन नको, व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले. फिजिओकडे सात-आठ जणांचा ग्रुप आहे, स्वस्तही पडतो. पण त्या गर्दीत माझ्याकडे लक्ष कोण देणार? आणि वाकलं तरी कळ येते, मग व्यायाम कसा करायचा? पट्टा बांधून केला तर?

रिटायर्ड स्टेअरिंग, नौपाडा:
ताई, मी आयुष्यभर बस चालवली. क्लच दाबून दाबून कंबरेची वाट लागली. आता इथल्याच एका हॉलमध्ये ग्रुपला जातो. मॅडमनी आधी एकेकाला बसवून विचारलं: पाय बधिर होतो का, लघवीवर ताबा आहे ना, ताप येतो का, वजन उतरलंय का. असं न विचारता थेट चटईवर झोपवणारा ग्रुप असेल तर पैसे भरू नका.

लक्ष देण्याचं म्हणाल, तर व्यायाम सगळ्यांना एकच, पण ज्याच्या त्याच्या बेताने. खुर्चीतून उठून परत बसायचं. शेजारचा आयटीवाला पोरगा बुटक्या स्टुलावरून उठतो, मी खुर्चीत उशी टाकून, पलीकडच्या काकू हात टेकून. आकडे मात्र सगळे मिळून मोठ्याने मोजतो. मग गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन उजवा हात नि डावा पाय लांब करायचा, कंबर हलू द्यायची नाही. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजा, म्हणतात. माझा रोज सांडतो!

घरी चटई कोपऱ्यातच उभी राहायची. इथे दांडी मारली की काकू व्हॉट्सॲपवर हजेरी घेतात. मला तरी तोच खरा इलाज वाटतो.

फिजिओ, नेरूळ:
काकांच्या मॅडमचे प्रश्न अगदी योग्य. लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर वर्गाला नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलात जायचं.

कळवावाली, गादी सरकलेली अनेकांच्या एमआरआयमध्ये दिसते, काहीही दुखत नसलेल्यांच्याही. त्या रिपोर्टला फार घाबरू नका. तीन महिन्यांवर गेलेल्या साध्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आखीव व्यायाम सुचवलाय; पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबरेला ओढून ताण देणं) नेहमीच्या उपचारात नको म्हटलंय. ब्रिटनच्या २०१६च्या सूचनांमध्ये तर गटाने व्यायामाचा उल्लेखच आहे. योगा, पिलाटीस की चालणं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जे टिकेल ते करा. करताना थोडं दुखलं तरी चालतं, दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी कमी करा, बंद नको.

कळवावाली:
दोघांचे आभार. बॅच संध्याकाळची आहे, ट्रान्सहार्बर लोकलमधून उभ्याने येऊन लगेच जमेल?

रिटायर्ड स्टेअरिंग, नौपाडा:
जमेल. पोचल्यावर पाच मिनिटं हॉलमध्येच फेऱ्या मारा, मग सुरू करा. आणि त्यांना सांगून ठेवा की उभ्याने आलात.