मदत हवी आहे: नेट न्यूट्रॅलिटीविरोधातली अमेरिकी रूढिवादी बाजू वादविवादात कशी मांडावी?

मोगरी
वादविवादाचा विषय आहे 'इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवर नेट न्यूट्रॅलिटीचे नियम नकोत'. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे या कंपन्यांनी इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक द्यायची. संदर्भ अमेरिकेचा. बोलायचंय विषयाच्या बाजूने, म्हणजे तिथल्या रूढिवाद्यांच्या बाजूने. वेळ सात मिनिटं, नंतर तीन मिनिटं प्रश्न. हाताशी तीन मुद्दे आहेत: बाजारातली स्पर्धा कंपन्यांना शिस्त लावते, नियमांमुळे गुंतवणूक घटते, २०१७ साली नियम काढले तरी इंटरनेट सुरळीत चालू राहिलं. यातलं काय टिकेल आणि काय अंगाशी येईल?

पारंबी
तिन्ही बोलता येतील, पण भाषणाचा पाया त्यांच्यावर घालू नका. या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा कायद्याचा आहे: एवढा मोठा निर्णय संसदेने करायचा की नेमलेल्या आयोगाने?

त्यासाठी आधी दोन खाने समजून घ्या. १९३४ च्या दूरसंचार कायद्यातला 'टायटल टू' हा भाग टेलिफोन कंपन्यांसाठी होता. त्याखाली आलेली कंपनी 'कॉमन कॅरियर' ठरते: गिऱ्हाईक नाकारायचं नाही, दर वाजवी ठेवायचे, गैरवाजवी भेदभाव करायचा नाही. १९९६ च्या कायद्याने 'दूरसंचार सेवा' आणि 'माहिती सेवा' अशा दोन व्याख्या दिल्या. ब्रॉडबँड पहिल्या खान्यात टाकलं तर टायटल टू लागतं, दुसऱ्यात टाकलं तर एफसीसी या दूरसंचार नियामक आयोगाचे हात बरेचसे बांधले जातात. बाकी सगळा वाद या खान्यांभोवती फिरतो.

आता तारखा. २००२ मध्ये एफसीसीने केबल ब्रॉडबँडला माहिती सेवा ठरवलं. २००५ च्या 'ब्रँड एक्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते मान्य केलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये टॉम व्हीलर अध्यक्ष असताना ब्रॉडबँड टायटल टूखाली गेलं, डिसेंबर २०१७ मध्ये अजित पै अध्यक्ष असताना बाहेर आलं, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आत गेलं. या तिन्ही वेळा मतं ३ विरुद्ध २ पडली, कारण पाच सदस्यांच्या आयोगात राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे तीन सदस्य असतात. संसदेने या व्याख्यांचं एक अक्षरही बदललेलं नसताना त्याच कायद्याचा अर्थ नऊ वर्षांत तीनदा उलटला. हे एक वाक्य नीट पोचवलंत तर अर्धं काम झालं.

त्याला जोडून न्यायालयाचा शेवटचा टप्पा सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२४ मधल्या 'लोपर ब्राइट' निकालाने 'शेवरॉन' तत्त्व मोडीत काढलं. कायदा संदिग्ध असेल तर सरकारी यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने स्वीकारायचा, असं ते तत्त्व होतं. त्यानंतर २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने एफसीसीचे २०२४ चे नियम रद्द केले.

इथे एक चूक हमखास होते. 'न्यायालयाने नेट न्यूट्रॅलिटी घटनाबाह्य ठरवली' असं म्हणू नका. ब्रॉडबँडला टायटल टूखाली आणण्याची मुभा सध्याचा कायदा एफसीसीला देत नाही, एवढंच न्यायालयाने सांगितलं. संसद उद्या तसा कायदा करू शकते, आणि रूढिवाद्यांचं म्हणणंही तेच आहे: करायचं तर संसदेने करा.

कंदील
मी या बाजूचा नाही, पण समोरच्याकडे चांगला वक्ता असेल तर तो काय विचारेल ते लिहितो. उत्तरं तयार नसतील तर तीन मिनिटं फार लांब वाटतील.

पहिला प्रश्न न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा. रूढिवाद्यांना वंदनीय असलेले हे न्यायमूर्ती ब्रँड एक्समध्ये विरोधात होते. पिझ्झा विकणारा घरपोच पिझ्झा देत असेल तर 'मी डिलिव्हरीची सेवा देत नाही' असं त्याला म्हणता येणार नाही, तसंच केबल कंपनी दूरसंचार सेवाही देतेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस यांनी २०२० मध्ये 'बाल्डविन' प्रकरणात स्वतःच्या त्या निकालापासून फारकत घेतली. म्हणजे शब्दार्थाच्या वाटेने रूढिवादी न्यायमूर्ती दोन्हीकडे पोचले आहेत. 'कायद्याचे शब्द स्पष्टच आहेत' असं ठासून बोललात की स्कॅलिया पुढे केले जातील.

दुसरा प्रश्न राज्यांच्या अधिकारांचा, आणि हा खरोखर दुखरा आहे. राज्यांची स्वायत्तता जपणाऱ्या पक्षाच्या आयोगाने २०१७ च्या आदेशात राज्यांना स्वतःचे नियम करायला मनाई केली. ऑक्टोबर २०१९ च्या 'मोझिला' निकालात डीसी सर्किट या अपील न्यायालयाने बाकी आदेश बहुतांशी राखला, पण ही सरसकट मनाई काढून टाकली. तर्क असा: या सेवेवर नियम करण्याचा अधिकारच आपल्याकडे नाही असं आयोग म्हणत असेल, तर राज्यांना अडवण्याचा अधिकार तो कुठून आणणार? कॅलिफोर्नियाचा २०१८ चा कायदा टिकला तो यामुळे.

मोगरी, तुमचा तिसरा मुद्दा इथेच कोसळतो. केंद्राचे नियम गेले तरी कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे राहिले. कंपन्या नीट वागल्या त्या बाजारामुळे की राज्यांच्या धाकामुळे, हे वेगळं काढता येत नाही.

तिसरा प्रश्न समाजमाध्यमांचा. टेक्सासने २०२१ मध्ये एचबी २० हा कायदा केला. अमेरिकेत महिन्याला ५ कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी मतांवरून मजकूर हटवू नये, असा त्याचा गाभा, आणि समर्थनाला कॉमन कॅरियरचाच आधार. तार टाकणारी कंपनी कॉमन कॅरियर नको, पण फेसबुक हवं, हे कसं?

मोगरी
तिसऱ्याचं उत्तर अजिबात सुचत नाहीये. आणि गुंतवणुकीचे आकडे वापरावेत का?

पारंबी
आकडे नकोत. दोन्ही बाजू सोयीचं पायाभूत वर्ष धरतात, आणि फोर-जी, फाइव्ह-जीच्या खर्चाचे चढउतार नियमांच्या परिणामात मिसळतात. 'अनिश्चित नियम दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीला मारक' इतकंच म्हणा आणि २०१५ च्या आदेशातल्या 'सर्वसाधारण वर्तन नियमा'चा दाखला द्या. अडवणं, वेग मुद्दाम घटवणं आणि पैसे घेऊन प्राधान्य देणं या तीन स्पष्ट मनाया त्यात होत्याच. वर हा चौथा, मोघम नियम होता. त्याखाली काय चालेल हे कंपनीला आधी कळणं कठीण होतं.

समाजमाध्यमांच्या प्रश्नावर दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या तोंडी घालू नका. रूढिवादी म्हणजे एकसंध गट नाही. मुक्त बाजारवाल्यांचा दोन्हीकडे नियमांना विरोध आहे. मोठ्या टेक कंपन्यांवर चिडलेल्यांना समाजमाध्यमांवर नियम हवेत. तुम्ही पहिल्या गटाच्या वतीने बोलताय असं सुरुवातीलाच जाहीर करा. प्रश्नाची धार बरीच कमी होईल, आणि ते प्रामाणिकही आहे. २००६ च्या सुमारास ख्रिश्चन कोएलिशन ही धार्मिक उजवी संघटना चक्क नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने उभी होती: कंपनीला आवडत नाही म्हणून आपला मजकूर अडवला जाऊ नये, या भीतीपोटी. म्हणून 'रिपब्लिकन म्हणजे विरोधक' हे समीकरणही टाळा. मे २०१८ मध्ये नियम परत आणण्याचा ठराव सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७ ने संमत झाला, तेव्हा कॉलिन्स, मर्कोव्स्की आणि केनेडी या तीन रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. तो ठराव कायदा मात्र झाला नाही.

कंदील
कॉमकास्टही विसरू नका. बिटटॉरेंट या फाइल-वाटपाच्या पद्धतीने होणारी देवाणघेवाण अडवल्याबद्दल त्या कंपनीविरुद्ध २००८ मध्ये आदेश निघाला, तेव्हा एफसीसीचे अध्यक्ष केव्हिन मार्टिन रिपब्लिकन होते. २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पुन्हा अधिकाराच्याच मुद्द्यावर. 'कंपन्या असं करतच नाहीत' म्हणालात तर हे उदाहरण तयार असेल.

पारंबी
खरं आहे. म्हणून 'गैरप्रकार झाला तर काय' याचं उत्तर भाषणातच द्या: आधीपासून बंधनं घालण्यापेक्षा घडल्यावर कारवाई, आणि ती ग्राहक संरक्षण व स्पर्धा पाहणाऱ्या एफटीसीकडून. कॉमन कॅरियरचं काम एफटीसीच्या कक्षेबाहेर असतं, त्यामुळे ब्रॉडबँड टायटल टूखाली नेलं की हा पहारेकरी दूर होतो. उणीव अशी की कंपनीने दिलेला शब्द मोडला, तिथे एफटीसीची पकड घट्ट बसते. शब्दच दिला नसेल तर सैल. विचारलं तर मान्य करा.

वेळ अशी वाटा: दोन मिनिटं खाने, दोन मिनिटं ३-२ चा इतिहास आणि २०२५ चा निकाल, दीड मिनिट एफटीसी, एक मिनिट मोघम नियम. उरलेलं अर्धं मिनिट राज्यांच्या प्रश्नाला. तो समोरून येण्याआधी स्वतः काढलेला बरा.

मोगरी
नोंदवून घेतलं. परीक्षकांनी भारताचं विचारलं तर?

कंदील
८ फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा नियम सांगा: मजकुरावरून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी, मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. ठरावीक संकेतस्थळं फुकट देणारी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना त्यातच गेली. पण तुमचा मुख्य मुद्दा इथे लावू नका. दूरसंचाराचे दर ठरवण्याचा अधिकार ट्रायला १९९७ च्या कायद्यानेच दिला आहे, त्यामुळे अमेरिकेसारखं खान्यांचं भांडण या नियमाला लागू होत नाही.